भाकरी मऊ असेपर्यंत

एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, आणि त्या एकतीस वर्षांत एकही खोटी वेळ लिहिली नाही. गाडी सात मिनिटं उशिरा सुटली की सात मिनिटं उशीर लिहायचा. ड्रायव्हर म्हणायचे, "मास्तर, पाच लिवा की, तुमचं काय जातंय?" मी लिहीत नसे. त्यामुळं डेपोत मला फारसे मित्र नव्हते, पण माझ्या कागदावर कुणी बोटही ठेवलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण यंदाच्या फेब्रुवारीत माझ्या हातून जे झालं ते वाचून हा सिद्धनाथ मुळातच लबाड होता असा समज व्हायला नको.

प्रकरण माझ्या भाचीच्या लग्नाचं. ऋतुजा ही माझ्या थोरल्या बहिणीची, गोजरबाईची, एकुलती एक लेक. मेव्हण्यांचं नाव रामहरी. मी त्यांना दाजी म्हणतो. भवानी पेठेत त्यांची पिठाची गिरणी आहे. ज्वारी नुसती मुठीत धरून ते सांगतात, की ही मंगळवेढ्याकडची, हिचं पीठ चार दिवसांत संपवा, नाहीतर भाकरी थापताना कडा फाटतील. पेठेतल्या बायका त्यांचं ऐकतात. घरात मात्र त्यांचं कुणी ऐकत नाही. अपवाद एकाच गोष्टीचा, आणि ती म्हणजे लेक कुठं द्यायची.

त्याबद्दल दाजींचा एक नियम आहे. घरी भाकरी करायची, फडक्यात बांधायची आणि निघायचं. मुलाच्या दारात जाऊन फडकं सोडायचं. भाकरी मऊ असेल तर ते गाव लेक देण्याजोगं. कडक झाली असेल तर स्थळ कितीही सोन्यासारखं असो, राम राम. किलोमीटर, तास, हायवे, यातलं ते काहीच मानत नाहीत. या नियमापायी ऋतुजाची चार स्थळं गेली. नागपूरचं तर त्यांनी पाहूही दिलं नाही. पुण्याचं एक चाललं असतं, मुलगा हडपसरात राहत असता तर. पण तो निघाला हिंजवडीचा. "हडपसरापत्तूर भाकरी मऊ ऱ्हाती. हिंजवडीला जाऊस्तवर तिचा पापड हुतोय," असा निकाल देऊन दाजींनी फोटो परत पाठवला.

ऐकणाऱ्याला हसू येतं. मलाही यायचं, पण तोंडावर मी कधी हसलो नाही, कारण नियम कुठून आला ते मला ठाऊक होतं. दाजींची थोरली बहीण चिमाबाई, तिला वर्ध्याकडं दिली होती. ती आजारी असल्याची तार आली तेव्हा दाजी विशीतले होते. तिनं आईच्या हातची भाकरी मागितली होती म्हणून आईनं भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. तीन गाड्या बदलून दाजी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. चिमाबाई सकाळीच गेली होती. तिच्या उंबऱ्यावर त्यांनी फडकं सोडलं तर भाकरी कौलासारखी झालेली. त्याच उंबऱ्यावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली, की आपल्याला मुलगी झाली तर ती इतक्या लांब द्यायची नाही. आता अशा शपथेपुढं कोण काय बोलणार?

अशात शिवराजचं स्थळ आलं. मूळचा दुधनीचा, घरी तुरीची शेती, बोलताना मधेच एखादा कानडी शब्द घसरतो, नोकरीला मात्र मुंबईकडं, ऐरोलीत. बघण्याचा कार्यक्रम झाला. चार स्थळं गेली तेव्हा ऋतुजानं हूं की चूं केलं नव्हतं. ती एका औषधांच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायची तिला सवय आहे. या वेळी मात्र पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि सरळ वडिलांना म्हणाली, "आण्णा, मला ह्योच पायजे." चालत्या गिरणीचा पट्टा तुटावा तशी घरात शांतता झाली.

दाजींनी चष्मा पुसला. "ऐरोली म्हंजे कुटं?"

"मुंबईजवळ."

"म्हंजे चारशे किलोमीटर. लोणावळ्यातच लाकूड हुईल भाकरीचं."

"चारशे रस्त्यानं, आण्णा. आता आपल्या सोलापुरातनं इमान उडतंय की. हे बघा." तिनं फोन त्यांच्या नाकापुढं धरला. "सोलापूर ते मुंबई, हवेतनं अंतर साडेतीनशेच्या आसपास. येळ, एक तास धा मिन्टं. तेवड्यात तर भाकरी निवतसुदिक न्हाय."

दाजींनी फोन वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. "हे इमानतळापास्नं इमानतळापत्तूर झालं. मी काय इमानतळावर ऱ्हातो व्हय? का तू धावपट्टीवर नांदनार हाईस? उंबऱ्यापास्नं उंबऱ्यापत्तूर किती, ते इचार तुज्या फोनला."

फोनला उंबरा माहीत नव्हता. ऋतुजानं बराच वेळ खटपट केली, मग डोळे पुसत आत गेली. दाजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गिरणीत त्यांनी एका बाईची ज्वारी दुसरीच्या डब्यात दळून दिली, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. संध्याकाळी येऊन म्हणाले, "जाऊन बघू. भाकरी न्हेऊ. काय हुतंय ते हुईल."

ठरलं ते असं. ऋतुजानं आपल्या पगारातून विमानाची दोन तिकिटं काढायची. गोजरअक्कानं एकच भाकरी करायची, नुसत्या ज्वारीची, पाण्यात मळलेली. भाकरी दाजी नेणार. शिवराजनं विमानतळावर घ्यायला यायचं नाही, आपल्या दारात थांबायचं. भाकरी मऊ निघाली तर लग्न, नाहीतर विषय कायमचा बंद. आणि पंच मी. माझी एकतीस वर्षं सगळ्यांनाच मान्य होती. ऋतुजा मला सोडायला फाटकापर्यंत आली. "मामा, जे खरं हाय तेच सांगा," असं ती तोंडानं म्हणाली. डोळ्यांनी नेमकं उलटं सांगत होती.

घरी जाऊन मी बायकोकडून एक भाकरी करून घेतली, फडक्यात बांधली आणि दर तासाला तपासली. सातव्या तासापर्यंत ठीक होती. आठव्या तासाला कडा वाजायला लागल्या. म्हणजे आठ तास. आठ तासांच्या आत ऐरोली गाठली पाहिजे, नाहीतर पोरीचा जन्माचा प्रश्न. मी कागद घेऊन हिशोब मांडला. भवानी पेठेतून होटगी रोडच्या विमानतळावर जाणं, तिथं आधी जाऊन बसणं, उड्डाण, उतरणं, मग मुंबईची वाहतूक. साडेसात तास होत होते, तेही सगळं वेळेवर झालं तर. आणि सगळं वेळेवर झालेलं मी एकतीस वर्षांत दोनदा पाहिलंय. म्हणून निघायच्या सकाळी मी एक रुमाल ओला केला, घट्ट पिळला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि खिशात ठेवला. भाकरी पाच मिनिटं हाती लागली की ओल्या रुमालात गुंडाळायची, एवढंच. कुंपणानंच शेत खायचं ठरवलं होतं, दुसरं काय.

त्या दिवशी दहा वाजून चार मिनिटांनी भाकरी तव्यावरनं उतरली. मळताना, थापताना पाहता आलं नाही, अक्कानं "पुरुषांनी चुलीपाशी घुटमळू न्हाई" म्हणून दारातच अडवलं. पण उतरताना पाहिली आणि वहीत वेळ लिहिली. दाजींनी ती पांढऱ्या फडक्यात बांधली. मी पिशवी पुढं केली. त्यांनी पिशवीकडं पाहिलंसुद्धा नाही. सदऱ्याची बटणं काढून भाकरी आतल्या बंडीत घातली, थेट पोटावर. वर सदरा, आणि सदऱ्यावर लोकरीचं जाकीट. सोलापूरचा फेब्रुवारी, रस्त्यावर लोक उसाचा रस पीत होते.

"दाजी, जाकीट कशाला?"

"वर थंडी आसती म्हनं."

ऋतुजा रिक्षापर्यंत आली. वडिलांच्या पाया पडली, माझ्या पडली आणि मग दाजींच्या पोटाकडं बघत राहिली. रिक्षा सुटली.

विमानतळावर तपासणीची रांग होती. एसटीत आम्ही माणसाला आत घेतो आणि मग तिकीट विचारतो. इथं उलटं, आत जाईपर्यंत तीनदा कागद दाखवायचा आणि बसल्यावर कुणी काही विचारत नाही. दाजी हात पसरून उभे राहिले. जवानानं काठीसारखं यंत्र त्यांच्या अंगावरून फिरवलं, ते काही वाजलं नाही. मग त्यानं हातानं चाचपलं आणि त्याचा हात पोटावर थांबला. जवान उत्तरेकडचा असावा, नवा वाटला.

"ये क्या है?"

"भाकरी," दाजी म्हणाले.

"क्या?"

"रोटी, रोटी," मी मागून म्हणालो.

"रोटी पेट पे काहे को बांधी है?"

दाजींनी थोडा विचार केला. "लडकी का लगीन है," ते म्हणाले.

जवानानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे खरंच तसं आहे. त्यानं भाकरी ट्रेमध्ये ठेवायला लावली. पट्ट्यावरून ती सरकत यंत्रात गेली, पलीकडच्या पडद्यावर तिचा गोल काळा डाग उमटला, आणि दोन जवानांनी वाकून तो बघितला. सगळ्या रांगेचं तिकडं लक्ष. मी टपूनच होतो, ट्रे पलीकडं आला की पहिला हात माझाच. पण दाजी चपला न घालताच धावले आणि भाकरी पुन्हा बंडीत.

"द्या की पिशवीत ठिवतो. घामानं भिजंल."

"नगं. तुज्या हातात दिली तर तू कायतरी करशील."

चोराच्या मनात चांदणं. मी आतून संतापलो. माझ्या एकतीस वर्षांच्या नोंदीवर या गिरणीवाल्याचा विश्वास नाही! खिशातला ओला रुमाल मांडीला गार लागत होता, त्याचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही.

विमान दीडला सुटायचं होतं. पावणेदोनला कळलं की येणारंच विमान अजून आलेलं नाही. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते हे. दर दहा मिनिटांनी दाजी विचारायचे, "किती वाजलं?" मी सांगायचो आणि ते मान हलवून पोटावर हात ठेवायचे. मला वाटलं, यांना उशीर हवाच आहे. जेवढा उशीर तेवढी भाकरी कडक, तेवढी शपथ शाबूत. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, किती उशीर लिहिणार? ती हसली आणि म्हणाली, काका, अपडेट येईल. एसटीत असं सांगितलं असतं तर प्रवाशांनी डेपो डोक्यावर घेतला असता.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी सुटलं. पंचावन्न मिनिटं लेट, लिहिलं.

विमानात बसलो आणि डोक्यावरच्या भोकातनं गार वारा सुरू झाला. असल्या वाऱ्यानं भाकरीचं काय होतं ते मला माहीत होतं, म्हणून मी ते बंद करायला हात वर केला, तर दाजींनी माझ्याआधीच आपलं बंद केलं होतं, माझंही केलं, आणि पलीकडच्या प्रवाशालाही करायला लावलं. मग जाकिटाची सगळी बटणं लावून ते पुढं वाकून बसले, पोटाशी दोन्ही हात धरून. हवाई सुंदरी येऊन विचारून गेली, पोटात दुखतंय का? "न्हाय," दाजी म्हणाले. पाणी दिलं, घेतलं नाही. मी माझा शेवटचा डाव टाकला.

"दाजी, मागं मोरी हाय. मोकळं हून या. तवर मी भाकरी धरतो."

"मला न्हाय लागली."

"सकाळपास्नं न्हाय गेलासा तुमी."

"न्हाय लागली म्हनलं की."

मी खिडकीकडं तोंड केलं. खाली निळं पाणी आलं, म्हणजे उजनी, आणि पाण्याच्या काठाला टेंभुर्णी. टेंभुर्णी हे माझं आणि अक्काचं माहेर, म्हणजे तिचं माहेर, माझं गाव. त्या चौकात मी किती हजार वेळा डबल बेल मारली असेल. सोलापूरहून गाडीनं दीड-दोन तास लागायचे, चहा व्हायचा, कुणाची तरी कोंबडी चढायची. आता सुटून पंधरा मिनिटं झाली नव्हती. खरं सांगतो, जरा वाईट वाटलं. एवढ्या वेगात गाव दिसतं, पण कुणी चढत नाही.

"टेंबुर्नी," मी म्हणालो.

दाजींनी मान लांब करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं, टेंभुर्णी मागं गेली तरी पाहत राहिले. मग म्हणाले, "चिमाअक्काच्या येळंला हे असतं तर." आणि खिडकीकडं पाठ केली. चिमाबाईचं नाव त्यांनी मागच्या दहा वर्षांत माझ्यापुढं काढलं नव्हतं.

विमान तीन वाजून पस्तीस मिनिटांनी मुंबईत टेकलं. फोनमधल्या एक तास दहा मिनिटांचा शब्द त्यानं तंतोतंत पाळला, हे मान्य केलं पाहिजे. पण टेकणं वेगळं आणि उतरणं वेगळं. ते आधी जमिनीवरच चालत राहिलं, मग थांबलं, मग बस आली, मग सरकते जिने, मग टॅक्सीची रांग. टॅक्सीत बसलो तेव्हा साडेचार वाजले होते. ऐरोली किती लांब म्हणून विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, "वीस किलोमीटर." म्हणजे आमचे तीन-चार टप्पे. मला धीर आला.

त्या वीस किलोमीटरला दोन तास लागले. पूल होते, पुलांखाली पूल होते, आणि सगळ्यांवर गाड्या उभ्या. सहा वाजून चार मिनिटं झाली, म्हणजे आठ तास भरले, तेव्हा आम्ही एका सिग्नलला तिसऱ्यांदा थांबलो होतो. दाजींनी ड्रायव्हरला एसी बंद करायला सांगितलं. काचा वर, एसी बंद, लोकरीचं जाकीट. त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा चालल्या होत्या. माझा बांध फुटला.

"काडा की ती भाकरी भाईर! निदान बघू तरी द्या. दिसभर पोटाशी धरून बसलासा. कुनी हात लावू न्हाई, कुनी बघू न्हाई. तुमाला पोरीचं लगीन मोडायचंच हाय, म्हनून चाललंय हे सारं. चिमाअक्का गेली ती गेली, तिच्यापायी जित्या पोरीला कशाला रडवताय?"

दाजी बाहेर उभ्या गाड्यांकडं बघत राहिले. मला वाटलं आता फटकारतील, पण नाही. मला माझ्या शब्दांची लाज वाटली आणि ती लपवायला मी वहीत उगाच वेळ लिहिली.

सहा चाळीसला आम्ही शिवराजच्या दारात उभे राहिलो. तिसरा मजला. आठ तास छत्तीस मिनिटं. शिवराज दार उघडून आतच उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. "या, काका. आत या की."

"थांब. उंबरा कुटं हाय?" दाजींनी विचारलं.

त्यानं खाली बघितलं. फ्लॅटला उंबरा नव्हता, काळ्या दगडाची एक पट्टी होती. "हीच म्हणायची," तो म्हणाला.

दाजी त्या पट्टीसमोर जिन्यातच मांडी घालून बसले. जाकिटाची बटणं काढली. सदऱ्याची काढली. बंडीतून फडक्याचं गाठोडं बाहेर आलं तेव्हा मी पुढं वाकलो, आणि मला त्यांचं पोट दिसलं. भाकरीएवढा लालभडक गोल उठला होता. कडेकडेनं पुरळ आलं होतं. त्यांनी फडकं सोडलं, मी पंच म्हणून बोट लावलं, आणि बोट तसंच राहिलं.

भाकरी कोमट होती.

साडेआठ तासांनी, विमानाच्या गार वाऱ्यातून, मुंबईच्या दोन तासांतून येऊन भाकरी कोमट होती. तेव्हा मला सगळं कळलं. जाकीट कशाला, वारा का बंद केला, पाणी का घेतलं नाही, मोरीला का गेले नाहीत. हा माणूस दिवसभर ती उबवत बसला होता. मी खिशातल्या रुमालावर हात ठेवला. या माणसापुढं आपण किती हलके आहोत, असं मला वाटलं.

"दाजी," मी म्हणालो, "मला सांगायचं तरी."

"काय सांगू?" ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "शपत मोडायची न्हवती. चिमाअक्काच्या उंबऱ्यावर घेतल्याली हाय. पन पोरगीबी रडाय नगं हुती. मग काय करनार मानूस?"

शिवराज दारात तसाच उभा. दोन म्हातारे एका भाकरीपुढं डोळे पुसताहेत, आणि आपण आत बोलवावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

दाजींनी भाकरीचा तुकडा मोडला. मोडला म्हणजे काय, तो मोडेचना. दुमडला, ताणला, मग अलगद सुटला. शिवराजचा चेहरा उजळला. पण दाजींचा हात तिथंच थांबला. तीस वर्षं ज्यानं पीठ चिमटीत ओळखलं त्याच्या चिमटीला काहीतरी कळलं होतं. त्यांनी तुकडा नाकाशी नेला, मग माझ्याकडं दिला. मी वास घेतला.

दूध.

ती भाकरी नव्हतीच. ती दशमी होती. लांबच्या प्रवासाला बायका पीठ दुधात मळतात ती, दोन दिवस मऊ राहते. पुरुषांनी चुलीपाशी घुटमळू नये काय! माझ्या बहिणीनं नवऱ्याची शपथ, भावाची वही आणि विमानाचं टाइमटेबल, सगळं एका वाटीभर दुधात बुडवलं होतं. दाजींनी पोटावर पुरळ आणलं नसतं तरी चाललं असतं.

हसू यायला हवं होतं. पण दाजी हसत नव्हते. ठरलं होतं पाण्यातलं. दुधातली भाकरी म्हणजे कसोटी झालीच नाही, आणि झाली नाही तर शपथ जिथल्या तिथं. तुकडा माझ्या हातात, नजर माझ्या चेहऱ्यावर.

"पंच हाईस तू," ते म्हणाले. "सांग. कसली हाय?"

मी तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला, गिळला. दूध, घाम आणि ज्वारी.

"पान्यातली," मी म्हणालो. "नुसती ज्वारीची, पान्यातली. आनि मऊ हाय."

वही काढून तसंच लिहिलं, खाली सही केली. दाजी माझ्या हाताकडं बघत होते.

"तू लिवलंस म्हंजे झालं," ते म्हणाले. "तुजी नोंद कदी खोटी नसती."

मग गुडघ्यावर हात टेकून उठले, उरलेली भाकरी शिवराजच्या हातात दिली आणि पट्टी ओलांडून आत गेले. शिवराजनं पाणी आणलं, ते एका दमात प्यायले. मी ऋतुजाला फोन लावून त्यांच्याकडं दिला. पहिल्या घंटीला तिनं उचलला. मला शेजारी बसून तिचा आवाज ऐकू येत होता.

"आण्णा? पोचलासा? किती येळ लागला?"

खिडकीतून समोरच्या इमारतीत दिवे लागताना दिसत होते, दाजी तिकडं बघत होते.

"लांब हाय, बाळ," ते म्हणाले. "फोनमदी लिवल्यालं खोटं हाय. लई लांब हाय."

शिवराज हातात भाकरी घेऊन उभा होता, तो भिंतीला टेकला.

"आण्णा..."

"आईक की. मला बोलू दे. लांब हाय." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पन मी येत जाईन."

ऋतुजा मोठ्यानं रडायला लागली. दाजींनी फोन कानापासून जरा लांब धरला, पण ठेवला नाही.